महिरपी कंस, यवतमाळ आणि नरनाळ्याचा दरवाजा

हेडफोन नीट लावा, आणि जमलं तर आज एक कागद-पेन जवळ ठेवा. आजच्या भागात थोडं चित्र काढायचं आहे.

सुरुवात गणितापासून. माझी मावसबहीण नववीत आहे. बीजगणितात त्यांना ‘संच’ हा धडा असतो आणि संचाचे घटक लिहायचे असतात महिरपी कंसात. म्हणजे तो नागमोडी कंस, ज्याच्या पोटाला मध्ये टोक आलेलं असतं. तिनं मला विचारलं, “दादा, चौकटी कंस चौकटीसारखा दिसतो म्हणून चौकटी. मग महिरपी म्हणजे कशासारखा?” मी इतिहासावर बोलतो, त्याचे भाग करतो, लोकांना ऐकवतो. आणि मला उत्तर आलं नाही. मीही नववीत तोच कंस दोनशे वेळा काढला होता, पण नाव का पडलं ते कधी विचारलं नव्हतं.

उत्तर असं आहे. कागदावर एक उघडणारा महिरपी कंस मोठा काढा आणि कागद उजवीकडे आडवा फिरवा. (फोनवर करणार असाल तर आधी ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर फोन तुमच्यापेक्षा हुशारी करेल.) टोक वर गेलं, दोन्ही बाजूंना गोलाई खाली उतरली. काय दिसतंय? कमान. देव्हाऱ्याच्या पुढच्या पट्टीला असते ती, गणपतीच्या मखराला असते ती, जुन्या वाड्यात दोन खांबांच्या मध्ये असते ती. तिलाच मराठीत म्हणतात महिरप. आणि महिरप हा शब्द आला ‘मिहराब’वरून.

मिहराब म्हणजे मशिदीत शिरल्यावर समोरच्या भिंतीत दिसणारा कोनाडा. नमाज मक्केतल्या काबाच्या दिशेनं तोंड करून पढतात. त्या दिशेला म्हणतात किबला. आपल्या भागातून मक्का साधारण पश्चिमेला येते, म्हणून विदर्भातल्या मशिदीची किबल्याची भिंत पश्चिमेची असते आणि तिच्यात मधोमध हा कोनाडा. आत मूर्ती नाही, काही ठेवलेलं नाही. दिशा दाखवणं एवढंच त्याचं काम. मदिनेची मशीद ७०७ ते ७०९ या काळात नव्यानं बांधली गेली तेव्हा असा आत वळलेला कोनाडा पहिल्यांदा आला, असं मानतात. तिथून तो स्पेनमधल्या कॉर्दोबापर्यंत गेला, इराणात गेला, दख्खनमध्ये आला. वरचा भाग कमानीचा असल्यामुळे आपल्याकडे लोकांनी तो शब्द कोनाड्यावरून काढून कमानीच्या आकाराला लावला. मग तो सुताराच्या तोंडी गेला, देवघरात गेला आणि शेवटी नववीच्या पुस्तकात. माझ्या बहिणीनं यावर दिलेली प्रतिक्रिया अशी: “म्हणजे मी रोज वहीत मशीद काढते?” मी म्हटलं, मशीद नाही, तिच्यातला एक कोनाडा.

तर आजचा विषय हा आहे. इस्लामी कला आणि वास्तुकला, तिचे शब्द, आणि आपल्या यवतमाळच्या आसपास ते कुठे सापडतात. मला बरेच जण म्हणतात, “आपल्या जिल्ह्यात काय आहे यातलं? ते सगळं दिल्ली-आग्र्याला, फार तर औरंगाबादला.” खरं आहे, यवतमाळमध्ये ताजमहाल नाही. पण ‘महाल’ आहे. तोही जिल्ह्याच्या नावात.

आमच्याकडे बहुतेकांना वाटतं की यवतमाळमधला ‘माळ’ म्हणजे माळरान. गावाची जागा उंचावर, पठारावर आहे, त्यामुळे ते पटतंही. पण इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर वेगळं सांगतं. त्यात म्हटलं आहे की मूळ गाव ‘यवत’ किंवा ‘येवत’, आणि पुढचा ‘माळ’ हा ‘महाल’चा घासलेला उच्चार. अकबराच्या दरबारात अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याचे महाल दिले आहेत आणि त्यात आपलं गाव ‘योत-लोहारा’ म्हणून येतं. लोहारा म्हणजे आपलाच लोहारा, शहराला लागून असलेला, आज जिथे एमआयडीसी आहे. तिथला ‘महाल’ म्हणजे राजवाडा नव्हे. वसुलीचा एक विभाग, परगण्यासारखा. त्याच यादीत वऱ्हाडच्या सरकारांमध्ये म्हणजे मोठ्या विभागांमध्ये ‘कळम’ आहे, म्हणजे आपलं चिंतामणीचं कळंब. आणि माहूरही आहे, पैनगंगेच्या पलीकडचं.

आता हा महाल नक्की आहे काय? वसुलीचा विभागही महाल आणि राजाचा वाडाही महाल, असं कसं? इथे मला एक गंमत सापडली, आणि ती कळल्यापासून मी रस्त्यावरच्या पाट्या वेगळ्या वाचायला लागलो आहे.

अरबी भाषेत शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून बनतात. आणि एखादी गोष्ट जिथे होते ती जागा सांगायची असेल तर मुळाच्या पुढे बहुतेक वेळा ‘म’ लागतो. आपण जागेसाठी शब्दाच्या शेवटी ‘आलय’ लावतो: ग्रंथालय, विद्यालय, रुग्णालय. अरबीत ते काम सुरुवातीचा ‘म’ करतो. स-ज-द म्हणजे जमिनीला कपाळ टेकवणं. जिथे टेकवतात ती मस्जिद, आपली मशीद. द-र-स म्हणजे शिकणं. जिथे शिकतात तो मदरसा. क-ब-र म्हणजे पुरणं. तिथे उभी इमारत तो मकबरा. न-झ-ल म्हणजे उतरणं, मुक्काम करणं. ती जागा मंझिल, आणि मराठीत तिचा झाला मजला. “तिसऱ्या मजल्यावर राहतो” म्हणताना आपण मुक्कामाचीच जागा सांगत असतो. न-व-र म्हणजे प्रकाश. त्याची जागा मनारा, म्हणजे मिनार, म्हणजे आपला मनोरा. आणि ह-ल-ल म्हणजे उतरणं, वस्ती करणं. त्याची जागा महाल. त्याच मुळातून मोहल्लाही. म्हणजे ताजमहाल, तुमच्या मित्राचा मोहल्ला आणि यवतमाळ, हे तिघे सख्खे भाऊ आहेत.

फारसीची पद्धत वेगळी, ती आपल्यासारखीच शेवटी जोडते. ‘गाह’ म्हणजे जागा: ईदगाह, दर्गाह. ‘खाना’ म्हणजेही जागा: दवाखाना, कारखाना, दिवाणखाना. ईदगाह पाहिली असेल तुम्ही, गावाबाहेर मोकळ्या मैदानात एक लांब भिंत, तिच्यात मिहराब, बाकी छप्पर नाही. वर्षातून दोनदा ईदला सगळं गाव एका जागी मावावं म्हणून ती गावाबाहेर. दर्गा म्हणजे मूळ अर्थानं उंबरठा किंवा दरबार. आपल्याकडे तो शब्द पीराच्या समाधीला लागला. मकबरा आणि दर्गा यात लोक घोळ करतात. साधा फरक असा की मकबऱ्यात माणूस पुरलेला असतो, दर्ग्यात लोक ज्याच्याकडे मागणं घेऊन येतात असा माणूस पुरलेला असतो. बीबी का मकबरा बघायला तिकीट काढून जातात. माहूरच्या सोनापीर बाबांच्या दर्ग्यावर नवस घेऊन जातात.

बरं, शब्द झाले. आता बांधकाम.

आपल्या जिल्ह्यात हेमाडपंती मंदिरं ठिकठिकाणी आहेत, तुम्ही एखादं तरी पाहिलं असेल. ते कसं उभं असतं? दोन खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर दगडाच्या शिळा. दगडाला वरून दाबा, तो कितीही सहन करतो. पण आडव्या दगडाला मध्येच भार दिला की खालच्या बाजूनं तो ताणला जातो आणि तडकतो. त्यामुळे दोन खांबांत फार अंतर ठेवता येत नाही. म्हणून त्या मंदिरांत एवढे खांब असतात आणि म्हणून आत तो सुंदर, थंड अंधार असतो.

कमानीनं हे गणित बदललं. कमान हा फारसी शब्द, अर्थ धनुष्य. पाचरीसारखे घडवलेले दगड अर्धगोलात बसवायचे, मधोमध शेवटची पाचर ठोकायची. आता वरचा भार कुठल्याच दगडाला ताणत नाही, प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि भार बाजूच्या भिंतींतून जमिनीत जातो. सोबत लागतो चांगला चुना. कमान गोल फिरवली की घुमट, तोही फारसी ‘गुंबद’वरून. मोठा दरवाजा, ज्यातून हत्ती जाईल. मोठं दालन, ज्यात मध्ये खांब नाही. हे सगळं त्यातून आलं.

पण घुमटात एक अडचण असते आणि इथे तुमचा कागद परत लागेल. खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनावर गोल बसवला तर चारही कोपरे उघडे राहतात. मग गवंडी काय करायचा? चारही कोपऱ्यांत तिरकी छोटी कमान टाकायचा. चौकोनाचा झाला अष्टकोन. अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर पुन्हा दगड पुढे काढायचा, झाले सोळा कोन. सोळा कोनांवर गोल जवळपास बसतोच. पुढच्या वेळी कुठल्याही जुन्या दर्ग्यात किंवा घुमटाच्या देवळात गेलात तर मान वर करून कोपरा बघा, सगळी युक्ती तिथेच आहे. या युक्तीचं सगळ्यात मोठं रूप विजापूरला गोलघुमटात आहे, सतराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर तो घुमट पेलला आहे आणि बाहेरून त्याचा व्यास भरतो सुमारे ४४ मीटर.

आता आपण नरनाळ्याला जाऊ. हा आजच्या भागाचा खरा मुक्काम.

नरनाळा अकोला जिल्ह्यात, अकोटच्या उत्तरेला, सातपुड्यात. यवतमाळहून लांब वाटतो, पण एके काळी इथून त्या बाजूला जाणारा एक सरळ धागा होता. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, तिथून पुढे अचलपूर. हो, आपली शकुंतला. ती छोटी गाडी आता बंद आहे, पण ती ज्या अचलपूरला जायची ते एलिचपूर म्हणजे जुन्या वऱ्हाडची राजधानी. आपल्या आजी-आजोबांना हा नकाशा गाडीच्या खिडकीतून माहीत होता.

मी नरनाळ्याला पहिल्यांदा कॉलेजात असताना गेलो. दहा-बारा पोरं, शहानूर गावातून वर. पहिला शहानूर दरवाजा, मग मेहंदी दरवाजा, मग महाकाली दरवाजा. महाकालीपाशी आम्ही दहा मिनिटं थांबलो. त्यातली आठ मिनिटं फोटोत गेली. एकानं विचारलं, “वर काय लिहिलंय?” दुसरा म्हणाला, “उर्दू आहे.” झालं. आम्ही तलावाकडे निघून गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे हे आत्ता तुम्हाला सांगितलेले शब्द होते आणि मी त्याच दरवाजासमोर दोन तास होतो. दगड तेच होते, पण पहिल्या वेळी मला ते दिसलेच नव्हते.

काय आहे तिथे? आजूबाजूचा सगळा काळा-राखाडी दगड आणि मध्येच हा पांढरट वालुकाश्मातला दरवाजा. मधोमध उंच टोकदार कमान. कमानीच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, आणि त्यांना दगडी जाळ्या. प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी. वर कोरीव कंगोरा. अरबी लिपीतल्या लेखाच्या ओळी. आणि जागोजागी कमळं. दगडात कोरलेली, फुललेली.

एकेक घेऊ. जाळी. शब्द आपलाच, पण इस्लामी वास्तुकलेत तिच्यावर जेवढं डोकं चाललं तेवढं क्वचितच कशावर चाललं असेल. कंपास घ्या, एक वर्तुळ काढा. कंपास न बदलता परिघावर तेवढ्याच अंतरानं खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतात. त्या जोडल्या की षटकोन, एक सोडून एक जोडल्या की सहा टोकांची चांदणी. आता शेजारी शेजारी वर्तुळं काढत जा, चांदण्या एकमेकींत गुंतत जातील आणि नक्षी कधीच संपणार नाही. जाळी बनवणाऱ्याकडे एवढंच सामान असायचं: दोरी, खुंटी आणि पट्टी. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये, वारा यावा आणि उन्हाचे तुकडे होऊन फरशीवर पडावेत. मे महिन्यात वऱ्हाडात राहिलेल्या माणसाला जाळीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

लेख. मशिदीत माणसाचं किंवा प्राण्याचं चित्र काढायचं नाही ही रीत, त्यामुळे सजावटीचं पहिलं स्थान अक्षराला मिळालं. अक्षर लिहिण्याच्या कलेला म्हणतात खत, आणि तिच्या शैली वेगवेगळ्या. कूफी कोनांची आणि ठसठशीत, नस्ख पुस्तकातली सरळ वाचायची, सुलुस उंच दांड्यांची, इमारतींवर शोभणारी, आणि नस्तालिक उतरती, लोंबती, जिच्यात आज उर्दू छापतात. अक्षर इथे एकाच वेळी मजकूरही असतं आणि वेलबुट्टीही. “उर्दू आहे” म्हणून आम्ही ज्याच्यासमोरून निघून गेलो तो लेख उर्दू नव्हताच. १४८७ मध्ये उर्दूत शिलालेख लिहिण्याची रीत आलेली नव्हती. आणि तो लेख काय सांगतो? बहामनी सुलतान शिहाबुद्दीन महमूद शाह याच्या राज्यात, हिजरी ८९२ मध्ये, म्हणजे १४८७ साली, फतहउल्लाह इमादउल्मुल्क यानं हा दरवाजा बांधला.

या एका वाक्यात एक अख्खी गोष्ट आहे.

बहामनी राज्य १३४७ मध्ये गुलबर्ग्याला सुरू झालं, पुढे राजधानी बीदरला गेली. त्याचा सगळ्यात नावाजलेला वजीर महमूद गवान, इराणातल्या गिलानचा. त्यानं बीदरला १४७२ मध्ये मदरसा बांधला, निळ्या-हिरव्या फरशांचा. त्या फरशांच्या कामाला ‘काशी’ म्हणतात, पण आपल्या काशीवरून नाही, इराणातल्या काशान शहरावरून. याच गवाननं सुभेदार डोईजड होऊ नयेत म्हणून चार मोठे सुभे फोडून आठ केले. वऱ्हाडचे दोन झाले: उत्तरेला गाविल, दक्षिणेला माहूर. म्हणजे आपल्या पुसद-उमरखेडच्या समोर, पैनगंगेच्या काठावर, एक वेगळा सुभा उभा राहिला. माहूर मिळालं खुदावंद खान हबशीला आणि गाविल मिळालं या फतहउल्लाहला. गवानला पुढे १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारानं मारलं गेलं. वर्षभरात गादीवर बसला महमूद शाह, बारा वर्षांचा पोरगा.

तर १४८७ मध्ये सुलतान होता सतरा-अठरा वर्षांचा, दूर बीदरला, दरबारातल्या भांडणांत अडकलेला. इकडे नरनाळ्यावर फतहउल्लाह पांढऱ्या दगडाचा दरवाजा उभारतोय. लेखात पहिलं नाव सुलतानाचं, अगदी रीतसर. पण पैसा त्याचा, गवंडी त्याचे, किल्ला त्याच्या ताब्यात. आणि तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, तो स्वतंत्र झाला. वऱ्हाडची इमादशाही ती हीच, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळेपर्यंत चाललेली. त्या दरवाजाकडे बघताना मला नेहमी वाटतं की हा माणूस सुलतानाचं नाव कोरतानाच मनात दुसरं काहीतरी कोरत होता. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण कुठला नोकर मालकाच्या घराला एवढा देखणा दरवाजा लावतो?

आणि आता कमळं. कमळ इथे कुठून आलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि दोन ठरलेल्या उत्तरांपैकी एक विचारणाऱ्याच्या मनात आधीच असतं. एक, हे मूळ देवळाचं असणार. दोन, बघा कसा सलोखा होता. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. दगड घडवणारे हात इथलेच होते. त्यांच्या आज्यानं कमळ कोरलं, बापानं कोरलं, त्यांना ‘शोभेसाठी काहीतरी काढ’ म्हटल्यावर कमळच येणार. बांधून घेणाऱ्याला ते आवडलं. कमान इराणकडून आलेली, अक्षर अरबस्तानातून, कमळ पिढ्यान्‌पिढ्या इथलं, आणि दरवाजाला लोक नाव घेतात महाकालीचं. कारागिराला यात काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्याला काळजी असणार ती पांढरा दगड वर चढवायची.

पण फतहउल्लाह स्वतः कोण होता? फिरिश्ता नावाचा इतिहासकार सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरला बसून फारसीत इतिहास लिहीत होता. तो सांगतो की फतहउल्लाह मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि शेवटी त्याच प्रांताचा मालक झाला.

ही माहिती डोक्यात ठेवून चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जा. तिथल्या दिल्ली दरवाजावर शिल्पं आहेत. सिंह, हत्ती आणि दोन डोक्यांचा एक पक्षी. तो गंडभेरुंड. हा पक्षी विजयनगरचा, त्यांच्या नाण्यांवर दिसणारा; आज कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हात तोच आहे. वऱ्हाडातल्या सुलतानी किल्ल्यावर तो कशाला? फतहउल्लाह आपलं जुनं घर विसरला नव्हता, असा अंदाज त्यावरून बांधला जातो. पाच-सहा वर्षांचं, किंवा असेल त्या वयाचं, पकडून आणलेलं पोर, आणि म्हातारपणी किल्ल्याच्या दारावर आपल्या गावचा पक्षी. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. (आणि कोणी विचारेल म्हणून: इस्लामी इमारतीवर प्राणी कसे? चित्र टाळायची ती रीत मुख्यतः प्रार्थनेच्या जागेची. किल्ले, वाडे आणि पुस्तकांत सिंह, हत्ती, माणसं सर्रास आहेत.)

बाकी वऱ्हाडात बघण्यासारखं अजून आहे, पण ते आज धावतं सांगतो. अचलपूरजवळ हौज कटोरा, तलावात मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा. ‘हौज’ म्हणजेच आपला हौद, हेही आता तुम्ही ओळखलं असेल. बुलडाणा जिल्ह्यात रोहिणखेडची मशीद, १५८२ ची. बाळापूरचा किल्ला. यातल्या एकेकावर वेगळा भाग करता येईल.

मला त्यापेक्षा उलटा प्रवास सांगायचा आहे. हे शब्द आणि आकार मराठी घरात किती खोल गेले ते. पुण्याला विश्रामबागवाड्यात लाकडी खांब बघा. खाली फुगीर, वर निमुळते होत जाणारे. त्यांना सुरूचे खांब म्हणतात. सुरू म्हणजे फारसी ‘सर्व’, इराणी बागेतलं ते उंच निमुळतं झाड. दोन खांबांमध्ये पाकळ्यांची महिरप, शाहजहानच्या काळात मोगल इमारतींत लोकप्रिय झालेली. बुरूज, किल्ला, इमारत, नक्षी, गिलावा, मजला, हौद, दिवाणखाना, कारागीर. हे शब्द काढून टाकले तर पेशव्यांच्या वाड्याचं मराठीत वर्णन करता येणार नाही. करून बघा, मी केलं आहे. खांब, तुळई, ओसरी, चौक आणि अंगण हातात राहतं आणि तुम्ही बाहेरच उभे राहता.

रायगडावरच्या जगदीश्वराच्या देवळाबद्दल एक कथा तुम्ही ऐकली असेल. त्याला घुमट आहे, बाहेरून ते मशिदीसारखं दिसतं. गडावर सांगतात की शत्रूनं फोडू नये म्हणून मुद्दाम तसं बांधलं. मला ही कथा पटत नाही. तिथल्या संस्कृत शिलालेखात हिरोजी इंदुलकराचं नाव आहे, शके १५९६ आहे, सगळं उघडपणे लिहिलेलं आहे. लपवायचं असतं तर दारातच शिलालेख कोण लावेल? सतराव्या शतकात मोठं आणि भक्कम बांधायचं म्हटलं की दख्खनमधला गवंडी घुमट बांधायचा, कारण त्याला तेच उत्तम येत होतं. ज्या राजानं फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यानंही घुमट परका मानला नाही, यातच काय ते आलं.

आता जायचं असेल तर. नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि वेळा आधी बघून घ्या. अकोटपर्यंत एसटी मिळते, पुढे शहानूर. पाणी भरपूर न्या. पावसाळ्यानंतर गेलात तर हिरवं मिळेल, पण जाळ्यांवर ऊन कसं पडतं ते बघायचं असेल तर हिवाळ्यातली सकाळ. महाकाली दरवाजाखाली उभं राहून आधी वर बघा, मग मागे वळून आतल्या बाजूनं बघा, दोन्हीकडून तो वेगळा आहे. आणि एक विनंती. तिथे दगडावर खिळ्यानं कोरलेली बरीच नवी नावं आहेत, बदाम आणि बाण असलेली. त्यात तुमचं नको.

मावसबहिणीला मी मागच्या दिवाळीत तिथे घेऊन गेलो. तिनं कमळं मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकली, परत पहिल्यापासून मोजली. मग वहीत दरवाजाची कमान काढली, पान डावीकडे आडवं फिरवलं आणि त्या कंसाच्या पोटात लिहिलं: जाळी, कमळ, सज्जा, लेख. कंस पूर्ण करायला दुसरी कमान हवी होती, ती तिनं मागे वळून आतल्या बाजूनं काढली.